पाप, तो दुसरा!

आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या घरांत टीव्हीवर सिनेमा चालू असला की एक शब्द हमखास कानावर पडतो. नायिका शेवटी नायकाच्या गळ्यात माळ घालते आणि मांडवाच्या कडेला उभा असलेला तो दुसरा, सरळमार्गी, कुणाचं काही वाकडं न केलेला, थोडंसं हसून बाजूला होतो. तेवढ्यात आजी, काकू, वहिनी यांच्यापैकी कुणीतरी पुटपुटतं, "पाप!" पुण्या-मुंबईकडचे पाहुणे बसलेले असले तर ते दचकतात. यात पाप कसलं? मग त्यांना समजावून सांगावं लागतं की हे मराठीतलं पाप नव्हे, कन्नडमधलं. कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे बिचारा, गरीब बापडा. आपल्या घरांत दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्यामुळे आपल्याला हा शब्द दोन्ही अर्थांनी कळतो.

वाचकहो, आज मला या 'पाप' माणसाविषयी लिहायचं आहे. प्रेमकथेतला तो दुसरा, किंवा ती दुसरी. जिच्यावर नायकाचं प्रेम बसत नाही ती. ज्याला नायिका "तू फार चांगला आहेस" असं सांगते आणि दुसऱ्याचा हात धरून निघून जाते, तो. कथा त्यांची नसते, मुखपृष्ठावर त्यांचं चित्र नसतं. तरीही पुस्तक मिटल्यावर किंवा थिएटरमधून बाहेर पडल्यावर मनात घर करून राहतात ती हीच माणसं. असं का होत असावं?

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात, काही उर्दू. प्रेमकथा शिकवताना मी एक प्रश्न नेहमी विचारते. या कथेतल्या कुणाशी तुम्हाला बोलावंसं वाटतं? नायकाचं नाव क्वचितच येतं. बहुतेक मुलं त्या दुसऱ्याचं किंवा दुसरीचं नाव घेतात. हल्लीच्या मुली मोबाईलवर कोरियन मालिका बघतात. त्यांच्याकडून कळलं की या दुखण्याला तिकडे नावच आहे, 'सेकंड लीड सिंड्रोम'. म्हणजे नायकाऐवजी दुसऱ्याच्या प्रेमात पडायचा आजार! 'रिप्लाय १९८८' या २०१५-१६ च्या मालिकेत नायिकेचं लग्न दोघांपैकी कुणाशी होणार यावरून प्रेक्षकांत दोन तट पडले होते म्हणे. मी मनात म्हटलं, यात नवीन काय? आमच्याकडे हे दुखणं फार जुनं आहे.

नाव नसलेलं पात्र

गंमत अशी की या पात्राला आपल्या दोन्ही भाषांत धड नाव नाही. संस्कृत शास्त्रकारांनी नायक-नायिकांचे किती बारीक भेद केले! नायकाला विरोध करणारा तो प्रतिनायक, नायकाला साथ देणारा तो पीठमर्द. पण जो विरोधही करत नाही, साथही देत नाही, फक्त मनापासून प्रेम करतो आणि हरतो, त्याचा खण त्या कपाटात नाही.

त्याचं कारण उघड आहे. जुन्या कथांत तो दुसरा चांगला असण्याची सोयच नव्हती. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींनी ते वाचायची प्रथा आपल्याकडच्या कित्येक घरांत आजही आहे. त्यात शिशुपाल वऱ्हाड घेऊन येतो आणि नवरीविना परत जातो, पण त्याच्यासाठी कुणी "पाप" म्हणत नाही. तो गर्विष्ठ आहे, कृष्णाचा द्वेष्टा आहे. त्याची फजिती व्हावी म्हणूनच तो कथेत आलेला असतो. मराठी रंगभूमीनेही हाच धडा गिरवला. देवलांच्या 'शारदा'मधला म्हातारा भुजंगनाथ असो किंवा १९११ च्या 'मानापमान'मधला श्रीमंत पण भित्रा लक्ष्मीधर असो, ते दुसरे स्थळ हसण्यासाठी किंवा चीड येण्यासाठीच होतं. वत्सलेशी लग्न करायला निघालेला दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण तर 'मायाबाजार' सिनेमात अख्ख्या दक्षिण भारताला हसवून गेला.

मला वाटतं, याचं कारण त्या काळच्या लग्नात आहे. मुलीला निवड करायचा अधिकारच नव्हता, तेव्हा दुसरं स्थळ म्हणजे केवळ संकट होतं. संकट चांगलं कसं असेल? पुढे मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, आपलं मत सांगू लागल्या, तेव्हा कथेतला तो दुसराही सुधारला. कारण एक चांगला आणि एक वाईट यांच्यातून चांगला उचलायला फारसं धाडस लागत नाही. दोन चांगल्यांमधून एकाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणायचं, ती खरी निवड. तो दुसरा चांगला झाला, कारण आपल्या मुली निवड करू लागल्या.

मुदगलची सोनाराची लेक

या बदलाच्या आधीची एक कथा आपल्या शेजारचीच आहे. कलबुर्गी ही बहामनी राजधानी होती तेव्हाची. फिरोजशाह बहामनी १३९७ ते १४२२ गादीवर होता. फरिश्ता या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी ती लिहून ठेवली. रायचूर दुआबातल्या मुदगल गावी एका सोनाराची लेक होती, परथाल तिचं नाव. रूपवान आणि गाण्यात तयार. तिची कीर्ती विजयनगरला पहिल्या देवरायाच्या कानावर गेली. त्याने दागिने पाठवले, मागणी घातली. मुलगी म्हणाली, मला राणी व्हायचं नाही, राणीवशात गेले की आई-बाप पुन्हा दिसायचे नाहीत. देवरायाला हा नकार सोसला नाही. त्याने तिला उचलून आणायला मुदगलवर पाच हजार घोडेस्वार पाठवले. घरची मंडळी आधीच पळून गेली होती. त्यावरून १४०६ मध्ये युद्ध पेटलं, देवराय हरला, फिरोजशाहाने तहात त्याची मुलगी करून घेतली. आणि परथाल? तिला कलबुर्गीला आणून फिरोजशाहाचा मुलगा हसनखान याच्याशी तिचं लग्न लावलं.

ही कथा इतिहास म्हणून किती खरी, हा अभ्यासकांचा प्रश्न. मला तिच्यातली माणसं खुणावतात. सगळं युद्ध देवरायाच्या हट्टाचं, सगळा विजय फिरोजशाहाचा. हसनखान शेवटच्या ओळीत येतो आणि नवरा होतो. त्या मुलीला तो आवडला का? त्याला ती? फरिश्ता सांगत नाही. कलबुर्गीच्या दक्षिणेला भीमेकाठी फिरोजाबादचे पडके वाडे, कमानी आजही उभ्या आहेत. तिकडून जाताना मला युद्धाआधी हे दोघं आठवतात. इतिहास ज्यांना एका ओळीत गुंडाळतो, त्यांच्याविषयी आपण उरलेलं पुस्तक मनात लिहितो. दुसऱ्या पात्राच्या ओढीचं पहिलं कारण हेच असावं. नायकाचं सगळं लेखकाने सांगून टाकलेलं असतं. दुसऱ्याची जागा मात्र कोरी असते आणि कोऱ्या जागेत वाचक स्वतः शिरतो.

एकच ययाति, दोन भाषा

आपल्यासारख्या दुभाषिक वाचकांचं एक भाग्य आहे. एकच कथा मराठीत आणि कन्नडमध्ये, जवळजवळ एकाच वेळी लिहिलेली, आपण मूळ भाषांत वाचू शकतो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये आली. तिला साहित्य अकादमी मिळाली, पुढे १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांकडे आलं. इकडे गिरीश कार्नाडांचं पहिलं कन्नड नाटक 'ययाति' १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. कार्नाड जन्मले माथेरानला, वाढले शिरसी-धारवाडला. म्हणजे तेही आपल्यासारखेच, दोन भाषांच्या उंबऱ्यावरचे.

मूळ महाभारतात पाहिलं तर ही सगळी कथाच 'दुसऱ्यां'ची आहे. देवयानीचं पहिलं प्रेम कच. पण तो शुक्राचार्यांच्या पोटातून पुन्हा जन्मलेला, म्हणून तिला बहीण मानून नकार देतो. मग तिला ययाति मिळतो. म्हणजे राजा असूनही ययाति देवयानीच्या मनात दुसरा. आणि ययातीच्या आयुष्यात शर्मिष्ठा दुसरी. ती राजकन्या होती, पण देवयानीची दासी होऊन आली. खांडेकरांच्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतःच सांगतात. दासीला स्वतःचा आवाज मिळतो, आणि वाचकाचं मन हळूहळू तिच्याकडे झुकतं. काही न मागणारं प्रेम, हे तिचं मोठेपण खांडेकरांनी उजळून दाखवलं. कच तर त्यांच्या लेखणीतून संयमाचा पुतळाच झाला.

कार्नाडांनी मात्र दिवा भलतीकडेच वळवला. पुरूने बापाचं म्हातारपण घेतलं, पितृभक्तीचा जयजयकार झाला. पण पुरूची नवी नवरी चित्रलेखा, तिचं काय? ती कुणी विचारात घेतली? नाटकात ती सासऱ्यासमोर उभी राहून विचारते, माझ्या नवऱ्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत, मग आता मला स्वीकारा. राजाकडे उत्तर नसतं. ती जीव देते. ज्या पात्राकडे हजारो वर्षं कुणी बघितलं नव्हतं, त्याने एका प्रश्नात राजाला निरुत्तर केलं.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगितली की मुलं चकित होतात. ज्या कौरव-पांडवांसाठी महाभारत झालं, त्यांचा वंश राणी देवयानीचा नव्हे. तो शर्मिष्ठेच्या मुलाचा, पुरूचा. दुसरीची रेघच पुढे मोठी झाली.

पडद्यावरचे दुसरे

आपल्या पिढीवर कादंबऱ्यांइतकाच कन्नड सिनेमाचा संस्कार आहे. आणि कन्नड सिनेमाने या दुसऱ्या माणसाला जितका मान दिला, तितका फार थोड्यांनी दिला असेल. त्याचं एक कारण, यातले कितीतरी सिनेमे कादंबऱ्यांवरून झाले.

लेखिका वाणी यांच्या कादंबरीवरचा 'एरडु कनसु' १९७४ चा. एरडु कनसु म्हणजे दोन स्वप्नं. राजकुमारचं प्रेम असतं ललितेवर, लग्न होतं गौरीशी. नवरा पहिलीला विसरत नाही आणि घरात लक्ष्मीसारखी वावरणारी गौरी त्याच्या नजरेला दिसत नाही. इथे बायकोच दुसरी! शेवटी ललिता आपल्या संसारात सुखी आहे हे बघून त्याचे डोळे उघडतात. कल्पनाने रंगवलेली ती गौरी आठवली की आजही आमच्या अत्तेंचे, म्हणजे सासूबाईंचे, डोळे भरून येतात. त्या आळंदकडच्या, कन्नड घरातल्या. त्या म्हणतात, "आमच्या वेळच्या निम्म्या बायका गौरीच होत्या गं. नवऱ्याच्या मनात कोण आहे हे विचारायची कुणाची टाप होती?"

उषा नवरत्नराम यांच्या कादंबरीवरून १९८४ मध्ये 'बंधन' आला. त्यात तर मोठा नटच हरणारा. विष्णुवर्धनचा डॉक्टर हरीश, सुहासिनीच्या नंदिनीवर जीव लावतो. ती त्याला मित्र मानते आणि लग्न दुसऱ्याशी करते. २००६ च्या अखेरीस आलेल्या योगराज भट्टांच्या 'मुंगारु मळे'ने वर्षभर गर्दी खेचली. त्यात गणेशचा प्रीतम शेवटी नंदिनीला तिच्या ठरलेल्या नवऱ्याच्या हाती सोडून पावसात एकटा चालू लागतो. त्याच्या सोबतीला असतो एक ससा, आणि त्याचं नाव काय तर देवदास! म्हणजे इथे नायक स्वतःच 'दुसरा' झाला. कर्नाटकातल्या तरुणांनी हरणाऱ्याला डोक्यावर घेतलं.

मराठीतही सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वरून २०१३ मध्ये सिनेमा आला, तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर शिरीन मोठी की मीनू, यावर वाद झडले. श्रेयसचं मन शिरीनवर, मीनूचं श्रेयसवर. माझ्या वर्गात मीनूचा पक्ष नेहमीच मोठा असतो. आणि त्या पक्षात मुलगेही असतात, हे मुद्दाम सांगते.

दुसरा आणि दुसरी, न्याय एक नाही

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण ही पात्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट खटकते. दुसरा पुरुष हरला की तो मोठा होतो. त्याच्यासाठी गाणी असतात, पाऊस असतो. दुसरी बाई हरली की बहुधा तिचा बळी जातो, नाहीतर ती सेवेला लागते.

त.रा.सु. यांच्या कादंबऱ्यांवरून पुट्टण्णा कणगाल यांनी १९७२ मध्ये केलेला 'नागरहावु' आठवा. रामाचारीचं पहिलं प्रेम अलमेलू, नंतर मार्गारेट. बिचाऱ्या मार्गारेटचा गुन्हा काय? ती ख्रिश्चन, आणि ती दुसरी. शेवटी चित्रदुर्गच्या कड्यावरून रामाचारीबरोबर तीही उडी घेते. कुणी "मार्गारेटचं काय चुकलं" असं विचारत नाही. शरच्चंद्रांच्या 'देवदास'मधली चंद्रमुखी बघा. १९१७ ची कादंबरी. चंद्रमुखी आपला धंदा सोडते, देवदासची शुश्रूषा करते, आणि तरीही ती त्याच्या कथेची कडच राहते. १९५५ च्या सिनेमात वैजयंतीमालाने चंद्रमुखी रंगवली आणि तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर जाहीर झालं, ते तिने नाकारलं. आपली भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, असं तिचं म्हणणं होतं. मला हा नकार फार आवडतो. चंद्रमुखीला जे कादंबरीत म्हणता आलं नाही, ते तिच्या वतीने एका नटीने म्हटलं. पुढे २००२ च्या 'देवदास'मध्ये पारो आणि चंद्रमुखी एका गाण्यात एकत्र नाचल्या. मूळ कादंबरीत त्या दोघींची भेटही नाही. पण प्रेक्षकांच्या मनात या दोघींनी कधीतरी समोरासमोर यावं, अशी इच्छा साठलेली असणार.

काशीबाईंचंही तसंच. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची, तिच्यावरून २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' सिनेमा झाला. लग्नाची बायको असून प्रेमकथेत काशीबाई दुसऱ्या. पण १७४० मध्ये बाजीराव आणि मस्तानी दोघंही गेल्यावर मस्तानीच्या पोरक्या मुलाला, समशेर बहादुरला, काशीबाईंनी सांभाळलं, असं सांगितलं जातं. प्रेमकथा जिथे संपते तिथून पुढचं घर चालवायचं काम दुसरीकडे येतं. आपल्या घरांतही हेच बघतो ना आपण?

या सगळ्यांत मला एकच दुसरी अशी आढळते की जी रडत नाही, मरत नाही, तोंडाने ऐकून घेत नाही. ती म्हणजे खंडोबाची बाणाई. आपल्या बिदर जिल्ह्यात भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णाचं ठाणं आहे, पलीकडे नळदुर्ग-अणदूर आहे, दूर जेजुरी आहे. देव एकच, भाषा दोन. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. तिच्यासाठी देवाने म्हाताऱ्याचं सोंग घेतलं, तिच्या बापाच्या घरी चाकरी केली, मेंढरं राखली. कर्नाटकात मैलाराच्या कथेतही एक माळव्वा आणि एक कुरुबांची लेक आहेच. जागरणात वाघ्या-मुरळी या दोन सवतींचं भांडण गातात, तेव्हा बाणू म्हाळसेला जशास तसं उत्तर देते. जात, सोवळंओवळं, खाणंपिणं, सगळ्यावरून वाद होतो आणि देव मधे सापडतो. जेजुरीला गडाच्या वाटेवर मध्यावरच बाणाईचं स्थान आहे. वर जाणाऱ्याला तिला ओलांडून पुढे जाता येत नाही. २०१४ ते २०१७ या काळात झी मराठीवर 'जय मल्हार' मालिका लागायची तेव्हा आपल्याकडे घराघरात म्हाळसेचा आणि बाणूचा असे दोन पक्ष पडले होते. सासू एका पक्षात, सून दुसऱ्या! आधुनिक कादंबरीकारांनी दुसरीला त्याग शिकवला. लोकगीतांनी तिला जीभ दिली. मला लोकगीतांचा न्याय जास्त पटतो.

आपल्याकडे तो दुसरा लग्नात वाढायला असतो

आता कथेतून घरात येऊ. शहरात नकार मिळालेला माणूस गर्दीत हरवून जातो. आपल्याकडे तो हरवत नाही, कारण तो नात्यातलाच असतो. मराठी घरांत मामाची मुलगी आत्याच्या मुलाला, कन्नड घरांत कधी अक्काची मुलगी तिच्या सख्ख्या मामाला, सोदरमावाला. मूल पाळण्यात असतानाच कुणीतरी "ही आमची" म्हणून मोकळं होतं. पंधरा-वीस वर्षं सगळं गाव त्या दोघांना चिडवतं. आणि मग मुलगी कलबुर्गीला इंजिनिअरिंगला जाते, मुलगा घरची शेती नाहीतर दुकान बघतो, आणि एके दिवशी मुलगी म्हणते, मला हे लग्न करायचं नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा तिकडे गेलं, भालकी-औराद-हुमनाबाद इकडे राहिलं. तरी आपल्या सोयरिकी काही तुटल्या नाहीत. त्यामुळे हा नकार दोन माणसांत राहत नाही. दोन घरांत, कधी दोन राज्यांत जातो. नकार मिळालेला तोच मुलगा मग तिच्या लग्नात पंगतीत वाढायला असतो. बुंदीचं पातेलं घेऊन फिरतो, वऱ्हाडाची सोय बघतो. त्याच्याकडे बघून बायका कुजबुजतात, "पाप!" आणि मुलींचं? उप्पीट आणि चहाचे ट्रे घेऊन आठ-दहा वेळा पाहुण्यांसमोर गेलेली, दर वेळी "कळवतो" ऐकून परत आत आलेली मुलगी प्रत्येक गल्लीत असते. तिच्या वाट्याला तर "पाप"सुद्धा प्रेमाने येत नाही. "हिचं जमत नाही" असं येतं.

म्हणूनच मला वाटतं, दुसऱ्या पात्रावर आपण जीव टाकतो तो केवळ दयेपोटी नाही. आपण स्वतः केव्हातरी दुसरे असतो. स्थळ म्हणून नाकारलेले, नोकरीच्या यादीत प्रतीक्षेत राहिलेले, भावंडांत मागे पडलेले. पहिलं येणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. कथेतला नायक आपल्याला स्वप्न दाखवतो, आणि तो दुसरा सांगतो की हरूनही माणूस म्हणून नीट राहता येतं. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधला सिडनी कार्टन १८५९ पासून आजपर्यंत वाचकांच्या मनात आहे, तो या एकाच बळावर.

दया आणि दबाव

पण इथेच एक धोका आहे, आणि तो मला वर्गात आणि घरात दोन्हीकडे दिसतो. आपली ही "पाप" म्हणायची सवय सिनेमापुरती राहिली तर ठीक. ती मुलीच्या कानाशी गेली की तिचा दबाव होतो. "पाप, पोरगा किती चांगला आहे. दारू नाही, विडी नाही. तुझ्यासाठी थांबलाय. हो म्हण ना!" चांगुलपणाचं असं बिल मुलीच्या नावावर फाडलं जातं. मुलगा चांगला आहे म्हणून मुलगी त्याचं देणं लागत नाही. 'बंधन'मधल्या हरीशवर मीही प्रेम केलं, पण त्यातली नंदिनी त्याला मित्र मानत होती, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. तिने फसवलं नाही. तिच्या मैत्रीचा अर्थ त्याने प्रेम असा लावला. दुःख खरं आहे, पण गुन्हेगार कुणी नाही. प्रत्येक दुःखाला गुन्हेगार शोधायची गरज नसते.

आणि दुसऱ्या टोकाला देवराय आहेच. सोनाराच्या लेकीचं "नाही" ऐकून पाच हजार घोडेस्वार पाठवणारा. आजचे देवराय घोडेस्वार पाठवत नाहीत. ते कॉलेजच्या फाटकाशी मोटारसायकल उभी करतात, रात्री फोन करतात, धमक्या देतात. नकार सहन न होऊन मुलींवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आणि पुष्कळशा सिनेमांत नायक म्हणून मिरवतो तो हाच, मुलीचा "नाही" कानाआड टाकणारा, मागे मागे फिरून शेवटी "हो" मिळवणारा.

म्हणून मी मुलांना सांगते, नायक व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण आधी दुसरा व्हायला शिका. प्रीतमसारखं बाजूला होता येणं, "नाही" हा शब्द पूर्ण वाक्य म्हणून ऐकता येणं, आणि त्यानंतरही कडू न होणं, हे नायक होण्यापेक्षा अवघड आहे. मुलींना सांगते, शर्मिष्ठेचं मोठेपण वाचा, पण तिच्यासारखा त्याग करायलाच हवा असं समजू नका. चित्रलेखेसारखा प्रश्न विचारा, मात्र तिच्यासारखा जीव देऊ नका. बाणूसारखं उत्तर द्या आणि जगा.

आणि घरातल्या मोठ्यांना, म्हणजे माझ्या वयाच्या आपणा सगळ्यांना, एक विनंती. पाळण्यात लग्नं ठरवणं आता पुरे. एखाद्या मुलीने नात्यातल्या मुलाला नकार दिला तर तो दोन घरांचा मानापमान करू नका. त्या मुलाला पंगतीत वाढायला लावून त्याच्याकडे करुणेने बघू नका. त्याला बाजूला बसवून जेवायला वाढा, त्याच्या शेतीची, दुकानाची चौकशी करा, त्याचीही स्वतःची गोष्ट आहे हे त्याला कळू द्या. आणि ज्या मुलीला "कळवतो" म्हणून पाहुणे गेले, तिला दोन दिवसांत खरंच कळवा. होकार नसेल तर नकार कळवा, पण ताटकळत ठेवू नका.

येत्या सुट्टीत एक करून बघा. घरात मराठी वाचणाऱ्याने खांडेकरांची 'ययाति' घ्यावी, कन्नड वाचणाऱ्याने कार्नाडांची. वाचून झाल्यावर रात्री अंगणात बसून एकमेकांना गोष्ट सांगा. नायक कोण, यावर वाद घालू नका. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. एकमेकांना एवढंच विचारा, या कथेत कुणाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही? उत्तर देताना आपल्याच घरातलं एखादं नाव ओठांवर आलं, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाला हाक मारा.